मागचा डावा पाय

१ ऑक्टोबर १९५१, सोमवार. धार.

दैनंदिनी लिहिण्याची मला हौस नाही. लिहावे लागते आहे, कारण सरकारने जनावरांच्या नोंदीसाठी नवा छापील तक्ता पाठवला आहे आणि त्यात 'प्रकृती' या सदराला दोन बोटे जागा ठेवली आहे. आमचे अधीक्षक जगदेवराव म्हणाले, "त्यात 'ठीक' किंवा 'बेठीक' एवढंच लिहायचं, यमुनाबाई. हिंदीत." मी विचारले, "आणि बेठीक का, ते?" म्हणाले, "त्याला सदर नाही."

ज्याला सदर नाही ते या वहीत.

तीन वर्षांपूर्वी संस्थान विलीन झाले, पागा सरकारजमा झाली आणि तिथे जनावरांच्या दवाखान्यांतील कंपाउंडरांसाठी हा शिक्षणवर्ग उघडला. घोड्यांच्या पायांचे विकार हा विषय मी शिकवते. पुण्याला प्राणिशास्त्र घेऊन पदवी मिळवली त्याला अठ्ठावीस वर्षे झाली. घोडे मात्र वडिलांच्या हाताखाली शिकले. भाऊसाहेब संस्थानचे अश्ववैद्य होते. त्यांना जाऊन चार वर्षे झाली.

पागेत चाळीस जनावरे होती. आता एक घोडी उरली आहे. नाव शेंदरी, वय सहा, रंग सुरंग, म्हणजे पायापर्यंत तांबूस. नेजाबाजीची घोडी. भरधाव सुटते आणि स्वाराने भाल्याने जमिनीतली मेख उचलली तरी रेषा सोडत नाही. सप्टेंबरात सरावाच्या वेळी तिचा मागचा डावा पाय मुरगळला. मी तीन हुकूम दिले. एक, पायाचे केस कापून मलम चोळणे. दोन, कडब्याऐवजी हिरवा लसूणघास. तीन, सकाळी नऊपासून बारापर्यंत उन्हात उभी करणे. शिवाय पागेतले मेंदीचे थोतांड बंद. घोड्यांची चाकरी करणारा खंडोजी मोतद्दार दर महिन्याला तिच्या पायांना मेंदी थापतो, त्याखाली कातडीचे काय चालले आहे ते दिसत नाही.

वरून पत्र आले आहे. पंधरा डिसेंबरपर्यंत पागा रिकामी करून बियाण्यांच्या कोठारास द्यावी. घोडी कामास योग्य असल्यास देवासच्या घोडेस्वार पोलिसांकडे पाठवावी, नसल्यास गोळी घालावी.

अडीच महिने आहेत. मुरगळलेला पाय तीन आठवड्यांत बरा होतो. घाबरण्याचे कारण नाही.

४ ऑक्टोबर

नव्या तुकडीचा पहिला तास. सहा कंपाउंडर, सगळे पोराबाळांचे, वह्या मात्र शाळकरी. दरवर्षीप्रमाणे फळ्यावर पहिले वाक्य लिहिले: 'आधी बरा पाय पाहा, मग दुखरा.' चाळीशीचा शालिग्राम, मूळचा पीपलरावां गावचा, गंधवानीच्या दवाखान्यात सहा वर्षे काढलेला, ते अक्षर अक्षर लावून वाचत होता. शिक्षण सगळे हिंदीत झालेले. म्हणाला, "बाईसाब, बऱ्या पायाला क्या देखना? तो तर बराच आहे."

"बरं कसं दिसतं ते ठाऊक नसेल, तर वाईट कसं ओळखणार?"

"हां, ये बात तो है."

शेंदरीला दगडी अंगणात दुडक्या चालीने चालवली. मुरगळ जवळजवळ गेली आहे. पण कापलेल्या केसांखाली खुराच्या वर कातडी गुलाबी दिसते. दाह आहे. मलम वाढवले.

९ ऑक्टोबर, खंडेनवमी

एका घोडीची पूजा, तरी थाट चाळीसांचा. जगदेवराव सकाळीच माझ्या खोलीत येऊन टेबलावरची टाचण्यांची डबी इकडून तिकडे सरकवत बसले. शेवटी म्हणाले, "आपण आरती झाल्यावर आलात तरी चालेल. बायका ओवाळणार आहेत, गर्दी होईल." ओवाळायला तीनच बायका होत्या. मला काम होतेच. मलमांच्या बाटल्यांवरची लेबले बदलून झाली.

अक्का घरून निघताना म्हणाली होती, "काठ असलेलं तरी नेस गं आज." अक्का माझी थोरली बहीण, तिला सण दिसतात, पागा दिसत नाही. पांढऱ्यावर डाग लगेच दिसतो आणि तबेल्यात ते सोयीचे असते, हे मी तिला वीस वर्षे सांगते आहे.

आरतीनंतर गेले. खंडोजीने माझा हुकूम मोडून तीन पायांना मेंदी लावली होती. चौथा सोडला, कारण तो मी तपासते हे त्याला ठाऊक. वर खोगिराखालची लांबडी झूल मागच्या बाजूने खुरांपर्यंत सोडलेली, आणि स्वतः पूजाभर डाव्या बाजूला खांबासारखा उभा होता म्हणे.

"खंडोजी, सणासाठी माझं औषध मोडलंस?"

"ताई, नवमीला मेंदीबिगर घोडं उभं राहिलं का कधी? चौथ्यालाही लावू द्या. एकच बोट."

"एक बोटही नाही."

सत्तरीचा माणूस, पण रडवेला झाला. चीड आली. घोडीच्या पायापेक्षा रंगाची चिंता!

१५ ऑक्टोबर

पाय बिघडला. खुराच्या वर भेगा, पिवळसर पाणी, हात लावू देत नाही. चालताना कंबर उचलते. मुरगळ बरी झाली आणि हे नवे. जस्ताचे मलम. घाण बसली असेल म्हणून रोज साबणाने घासणे. ऊन वाढवले, आठ ते एक. उन्हासारखे जंतुनाशक नाही.

दहा वाजता जाऊन पाहते तर घोडी लिंबाच्या सावलीत. खंडोजीला बोलले.

"तिला ऊन सोसत नाही, ताई."

"घोड्याला ऊन सोसत नाही? माळव्यातल्या घोड्याला?"

"या पायाला नाही सोसत."

"पायाला वेगळं ऊन असतं का?"

तो घोडीच्या मानेवरून हात फिरवत राहिला. अशा माणसांना शिकवणे म्हणजे भिंतीची ओटी भरणे. स्वतः दोर धरून घोडी उन्हात आणली आणि एक वाजेपर्यंत तिथेच खुर्ची टाकून बसले.

२२ ऑक्टोबर

आजचा तास उत्तम झाला. राजगढच्या बाजूने एक काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची गाय आली होती. पांढऱ्या पट्ट्यांवरची कातडी सोलून निघालेली, काळे पट्टे जसेच्या तसे. एकाने निदान केले, "किसी ने गरम पानी डाला." दुसरा म्हणाला, "देवी का कोप."

मी खडसावले. पाणी फक्त पांढऱ्यावर कसे पडेल? मग फळ्यावर आकृती काढून समजावले. काही हिरव्या चाऱ्यांतला अंश रक्तातून कातडीत उतरतो. काळ्या कातडीला तो बाधत नाही. पांढऱ्या केसांखालची कातडी गुलाबी असते, ती त्याच उन्हात भाजून निघते. तेव्हा चारा बदला, सावलीत बांधा, ऊन लागणार नाही असे काही वर थापा. मलमाने काही होणार नाही.

शालिग्रामने हात वर केला. "बाईसाब, घोडीला पण हिरवाच चालू आहे ना? आणि धूपमध्येच उभी असते."

"घोडी सुरंग आहे, शालिग्राम. तिच्या अंगावर पांढरं कुठं आहे?"

वर्ग हसला. दारात खंडोजी बादली घेऊन उभा होता. ती त्याच्या हातून पडली आणि दाराशेजारी टेकवलेल्या फळ्यावरची माझी आकृती अर्धी भिजली.

२३ ऑक्टोबर

पाय आणखी वाईट. मलम बदलले.

३ नोव्हेंबर

दिवाळी संपली. देवासहून पत्र: पाहणी बारा डिसेंबरला, तिथेच. जगदेवराव नव्या पद्धतीचे पदवीधर आहेत, कुणाला नाही म्हणत नाहीत आणि होही म्हणत नाहीत. आज मात्र स्पष्ट बोलले.

"यमुनाबाई, आत्ताच 'बेठीक' लिहून टाकू. पुढचे सहा आठवडे त्या जनावराला कशाला यातना?"

"आणि गोळी?"

"ती तर लागणारच आहे. मी स्वतः उभा राहीन, आपल्याला यायची गरज नाही."

मला कुठे यायची गरज नाही हे ठरवण्यात या गृहस्थांचा हातखंडा आहे. मी म्हटले, घोडी माझी रोगी आहे, तक्ता मी भरते, आणि बारा डिसेंबरपर्यंत त्या दोन बोटांत मी काही लिहिणार नाही.

खोलीत आल्यावर मात्र जुन्या नोंदवह्या पुन्हा चाळल्या. सत्तावीस वर्षांत पायाचे इतके साधे दुखणे मला हरवून गेलेले आठवत नाही. निदान येत नाही. कुठेतरी मी चुकते आहे. कुठे ते कळत नाही.

७ नोव्हेंबर

तीन दिवस आभाळ भरलेले, सूर्य नाही. अवकाळी दोन सरीही पडल्या. पाय एकदम सुधारला! भेगा सुकल्या, हात लावू दिला. नवे गंधकाचे मलम लागू पडले असे दिसते. वहीत ठळक लिहून ठेवते: गंधकाचे मलम.

१० नोव्हेंबर

ऊन पडले. पाय पुन्हा पहिल्यासारखा. गंधकाची बाटली फेकली.

१२ नोव्हेंबर

आज जे झाले ते क्रमाने लिहिते.

सकाळी तबेल्यात गेले तर शालिग्राम शेंदरीच्या मागच्या उजव्या पायाशी बसलेला, हातात कात्री. बऱ्या पायाचे चार बोटे केस साफ. मी ओरडले. गुन्हा करताना पकडल्यासारखा उठला, पण कात्री टाकली नाही.

"किसने कहा था?"

"तुम्हीच, बाईसाब. फळ्यावर. आधी बरा पाय." मग हळूच म्हणाला, "तुम्ही बघा तो सही."

चष्मा लावून वाकले. उजव्या पायाची कातडी काळी होती. कोळशासारखी काळी. आणि डाव्याची पहिल्या दिवसापासून गुलाबी. मी तिला पाच आठवडे दाह म्हणत होते.

डाव्या पायावर नवे केस आले होते, गव्हाच्या दाण्याएवढे. टोकाला तांबूस आणि मुळाशी पांढरेशुभ्र. मेंदी बंद केल्यानंतर उगवलेले सगळे पांढरे.

मी तिथेच गवताच्या पेंढीवर बसले. चाऱ्याचा हुकूम माझा, उन्हाचा माझा, केस कापण्याचा माझा, मेंदी बंद करण्याचाही माझा. राजगढच्या गायीला मी अर्ध्या तासात ओळखले, आणि ही माझ्या दारात उभी होती.

शालिग्राम म्हणाला, "बाईसाब, गलती तो किसी से भी..."

"तासाला उशीर होतोय," मी म्हटले. "आणि या वेळेपासून लसूणघास बंद. घोडी आत, अंधारात."

तासाला फळ्यावर पहिले वाक्य पुन्हा लिहिले, आणि ते मी कसे पाळले नाही हे सहा जणांना तारखांसकट सांगितले. कुणी हसले नाही. हसले असते तर बरे वाटले असते.

१३ नोव्हेंबर

खंडोजीला खोलीत बोलावले. खुर्चीवर बसेना. दाराशी उकिडवा बसला.

"कधीपासून ठाऊक आहे?"

"ती जन्मली त्या दिवसापासून. अर्जळ आहे, ताई. एकच पाय पांढरा. जुन्या पागेत असलं शिंगरू ठेवत नसत. धनी मरतो म्हणायचे. त्याच दिवशी हाकलून द्यायचे, नाहीतर खड्ड्यात."

"मग मेंदी तुझी अक्कल?"

त्याने दाराबाहेर नजर टाकली. मी पुन्हा विचारले.

"भाऊसाहेबांची."

मी म्हटले, शक्य नाही. कपाट उघडून शेंदरीची चेहरेपट्टी काढली. घोड्याच्या अंगावरच्या सगळ्या खुणा तीत लिहितात, त्यावरून तो घोडा जन्मभर ओळखला जातो. भाऊसाहेबांचे वळणदार अक्षर: 'सुरंग. कपाळी टिळा. पाय अंगासारखे.' ज्या माणसाने मला शिकवले की कागदावर केसभर खोटे लिहिणारा वैद्य घोड्याचा खुनी असतो, त्याचे अक्षर.

खंडोजी सांगत होता. "रात्रभर वेणा चालल्या होत्या. उजाडताना शिंगरू उभं राहिलं, पाय दिसला. मी म्हटलं, गेलं हे. भाऊसाहेबांनी पाहिलं, धोतराच्या सोग्यानं तो पाय पुसला. मग म्हणाले, 'एका पांढऱ्यासाठी बाहेर काढायचं? खंडोजी, माझ्या घरातून मी कुणाला असं काढलं नाही.' आणि मला मेंदी आणायला पिटाळलं."

हे ते कशाबद्दल म्हणाले कळले नाही. आमच्या घरी कधी घोडा नव्हता.

"मला का नाही सांगितलंस? रोज माझ्यापुढं तिला उन्हात उभी करत होतास. बोलायचं होतंस!"

"त्यांनी शपथ घातली होती." तो जमिनीकडे पाहत होता. "म्हणाले, ताईला यातलं काही कळू देऊ नको. तिला कळलं तर ती लिहील."

मी त्याला जायला सांगितले. तो गेल्यावर दार लावून घेतले.

२५ नोव्हेंबर

कडबा, सावली, अंधार. मलम नाही. भेगा भरल्या. पहाटे व तिन्हीसांजेला चालवणे, मोजपट्टीने रोज माप. सूज नाही.

केस वाढू लागले तसे प्रश्न उभा राहिला. पुढे देवासला उन्हात काम करायचे तर त्या पायावर काहीतरी हवे. पट्टी घसरते, खाली घाम साठतो. पांढरी माती गळून पडते. केसांत मुरते, कातडीवरही बसते, महिनाभर टिकते आणि घोडी चाटत नाही असे मला एकच ठाऊक आहे.

खंडोजीला सांगितले, मेंदी भिजव. तो पळतच गेला. सत्तरीचा माणूस.

लेप मी स्वतः लावला. सगळे आयुष्य या पागेत गेले, मेंदीला हात आज पहिल्यांदा लागला. घरी अक्काने माझी बोटे पाहिली आणि उठून आत गेली. हिला काय झाले कोण जाणे.

५ डिसेंबर

दगडी अंगणात दुडकी: सरळ. मऊ जमिनीवर भरधाव: सरळ. चार मेखा ठोकल्या, चारही वेळा घोडीने रेषा धरली. वर्गातल्या सहाही जणांना एकेकट्याने तपासायला लावले. सगळ्यांनी आधी उजवा पाय उचलला. जगदेवराव म्हणाले, "चमत्कार." मी म्हटले, "चमत्काराला सदर आहे का तक्त्यात?"

आता चेहरेपट्टी. ती घोडीबरोबर जाते. 'पाय अंगासारखे' हे खोटे आहे आणि आता मला ठाऊक आहे. खरे लिहिले, तर देवासच्या तुकडीत निम्मे जुन्या संस्थानी पागांतले स्वार आहेत. अर्जळ घोडीवर एकही बसणार नाही. न बसलेली घोडी निरुपयोगी, आणि निरुपयोगी घोडीबद्दल वरचे पत्र अगदी स्पष्ट आहे. पायाच्या दुखण्यातून काढून मीच तिला कागदावर मारायची.

खोडून दुसरे खोटे लिहिणार नाही. भाऊसाहेबांचे खोटे खरे आहे असे सहीनेही सांगणार नाही. सत्तावीस वर्षांत खोटी सही केली नाही.

खंडोजी दिवसातून चार वेळा दाराशी येतो, काही विचारत नाही. त्याला हाकलून दिले. पुन्हा आला.

८ डिसेंबर

निवडणुकीसाठी सगळे ट्रक गेले. घोडी पायी न्यावी लागणार. खंडोजी आज पहाटे तिला घेऊन निघाला. चार दिवसांच्या मजला, ऊन चढायच्या आत मुक्कामाला. शालिग्राम आपणहून बरोबर गेला. मी म्हटले, "तुझी परीक्षा आहे पुढल्या आठवड्यात." म्हणाला, "वोच तर देणार आहे, बाईसाब."

मी बसने जाणार. चेहरेपट्टी पिशवीत. अजून काही लिहिलेले नाही.

१२ डिसेंबर, बुधवार. देवास.

सकाळी चेहरेपट्टीच्या तळाशी तीन ओळी लिहिल्या, सही केली. वरच्या मजकुरात खाडाखोड केली नाही. लिहायला दोन मिनिटेही लागली नाहीत याचे आश्चर्य वाटले.

तुकडीचे प्रमुख उदाजीराव, जुने रिसालदार, पिकलेल्या कल्ल्यांचे. माझ्याकडे पाहून त्यांनी विचारले, "वैद्य कुठे आहेत?" शालिग्राम पुढे होऊन म्हणाला, "येच हैं." त्यांनी मान तुकवली, एवढे बरे.

घोडी तीन वेळा सुटली. दोन मेखा उचलल्या. तिसरी स्वाराच्या चुकीने राहिली, घोडीच्या नव्हे. मग उदाजीरावांनी चेहरेपट्टी वाचली, तळाच्या ओळी दोनदा. स्वतः वाकून मागचा डावा पाय उचलला, केसांतून उलटा अंगठा फिरवला. अंगठ्याकडे पाहिले. खंडोजीकडे पाहिले. खंडोजी आपल्या जोड्यांकडे पाहत होता.

"मेंदी ताजी आहे," ते म्हणाले.

"औषध आहे. खाली लिहिलं आहे," मी म्हटले.

"वाचलं, बाई. चांगलं लिहिलं आहे." अंगठा रुमालाला पुसून त्यांनी आपल्या माणसांना हाक मारली. "ए भिया, घोडी आत घ्या, सावलीत! आणि ऐका, या पायाला मी सोडून कुणी हात लावायचा नाही. मेंदी माझ्या घरून येईल."

पाहणी एकंदरीत वरवरची. केसांची मुळे कापून पाहायला हवी होती. उजवा पाय तर त्यांनी उचललाच नाही. माझ्या वर्गात असते तर नापास केले असते.

आज दिले, त्याची नोंद:

घोडी शेंदरी, वय सहा, चारही पायांनी सरळ. झूल एक. खरारा एक. मेंदी दोन शेर, पुडक्यात. चेहरेपट्टी, भाऊसाहेबांच्या अक्षरातली, तळाशी माझी भर: 'मागच्या डाव्या पायाची कातडी उन्हास नाजूक आहे. दर महिन्यास मेंदीचा दाट लेप द्यावा, खंड पडू देऊ नये. हे औषध आहे. लसूणघास देऊ नये.'

घेणार उदाजीराव, देणार यमुनाबाई. दोघांच्या सह्या झाल्या.

यादीत तिला बांधायचे दावेही होते. ते दिले नाही. खंडोजी म्हणाला, जनावर देताना दावं देत नसतात, ताई. मी यादीतून ते खोडले, शेजारी आद्याक्षरे केली, आणि दावे गुंडाळून पिशवीत ठेवले.